स्थलांतर, सुटका की नुसतं दोन दिवस बाहेर? ‘इव्हॅक्युएशन’ या शब्दाचा अर्थ समजून घेताना

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट, २७ ऑगस्ट २०२४. बडोद्यात विश्वामित्री नदी चढत होती आणि कारेलीबागेतल्या आमच्या गल्लीत पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. भोंगा लावलेली एक गाडी हळूहळू फिरत गुजरातीतून सांगत होती, ‘नीचाणवाळा विस्तारना रहीशोए तात्कालिक स्थळांतर करवुं.’ सखल भागातल्या रहिवाशांनी ताबडतोब स्थलांतर करावं, एवढंच. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या, जन्म दांडिया बाजारातला, गुजराती त्यांना मराठीइतकीच येते. त्यांनी ते ऐकलं, उठल्या आणि देव्हाऱ्यातले देव उतरवायला लागल्या. मग तांब्याचा हंडा. मग कपाटातली कागदांची पिशवी. मग भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो. मी म्हटलं, “आई, चला आता, पाणी वाढतंय.” त्या म्हणाल्या, “अगं, घर सोडायचं म्हटल्यावर असं हात हलवत कसं निघायचं?”

यात अर्धा तास गेला. पाणी पोटरीला लागलं. तेवढ्यात शेजारचा मुलगा आला आणि म्हणाला, “बा, खाली बे दिवस माटे. पछी पाछा घेर.” फक्त दोन दिवसांसाठी, मग परत घरी. आईंनी हंडा खाली ठेवला, पाळण्यातला बाळकृष्ण तेवढा पदराच्या गाठीत बांधला आणि दोन मिनिटांत समोरच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्याकडे चालायला लागल्या.

इशारा तोच, पाणी तेच. फरक पडला तो शब्दाने. पावसाळा आला, कुठे वादळ उठलं, युद्धाच्या बातम्या आल्या की ‘इव्हॅक्युएशन’ हा शब्द टीव्हीवर दिवसभर ऐकू येतो, आणि मराठीत आणताना आपण त्याला हाताला लागेल तो शब्द लावतो. त्यात नेमकं काय हरवतं, ते इथे सांगायचा प्रयत्न करते.

## मूळ शब्दात माणूस नाहीच

‘इव्हॅक्युएट’ हा शब्द लॅटिनमधला. त्याच्या पोटात ‘व्हॅक्युअस’ आहे, म्हणजे रिकामा. त्याच मुळाचे शब्द आपण रोज वापरतो: थर्मासच्या दोन भिंतींमधला व्हॅक्युम, नोकरीच्या जाहिरातीतली व्हेकन्सी, मुलांचं व्हेकेशन. आतलं बाहेर काढून एखादी गोष्ट रिकामी करणं, हा त्याचा मूळ अर्थ.

सुरुवातीला हा शब्द वैद्यांचा होता, पोट साफ करण्यासाठी वापरायचा. दवाखान्यात तो अजून टिकून आहे. डोक्याला मार लागून आत रक्त साठलं आणि डॉक्टरांनी ऑपरेशन करून ते काढलं, तर डिस्चार्जच्या कागदावर ‘हिमॅटोमा इव्हॅक्युएशन’ असं लिहितात. वाचणाऱ्याला वाटतं पेशंटला कुठेतरी हलवलं. हलवलेलं काहीच नसतं, साठलेलं रक्त तेवढं बाहेर काढलेलं असतं.

पुढे सैन्यं ठाणी आणि शहरं रिकामी करायला लागली तेव्हा हा शब्द तिकडे गेला, आणि दुसऱ्या महायुद्धात घरोघरी पोचला. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या तीन दिवसांत ब्रिटनने सुमारे १५ लाख लोकांना, त्यात मुख्यतः शाळकरी मुलांना, बॉम्बच्या भीतीने मोठ्या शहरांतून खेड्यापाड्यांत पाठवलं. तेव्हापासून इंग्रजीत हा शब्द जागेलाही लागतो आणि माणसांनाही: इमारत इव्हॅक्युएट करतात, रहिवाशांनाही इव्हॅक्युएट करतात.

मराठीत मात्र हे एका क्रियापदात जमत नाही. इमारत रिकामी केली म्हणता येतं, रहिवाशांना रिकामं केलं म्हणता येत नाही. जागा असेल तर ‘रिकामी करणं’, माणसं असतील तर ‘बाहेर काढणं’ किंवा ‘हलवणं’. एवढं एक लक्षात ठेवलं तरी बातमीतली निम्मी अवघडलेली वाक्यं सुटतात.

बडोद्याच्या मराठीत आणखी एक खाचखळगा आहे, तो म्हणजे ‘खाली’. हिंदी-गुजरातीच्या सहवासाने आपण सर्रास ‘घर खाली करा’ म्हणतो, अर्थ रिकामं करा. गुजरातीत ‘खाली बे दिवस’ म्हणजे फक्त दोन दिवस. आणि मूळ मराठीत खाली म्हणजे वरच्या उलट. एरवी कोणाचं काही अडत नाही. पण पुराच्या वेळी वर जायचं की खाली उतरायचं यावर जीव अवलंबून असतो. पुण्याहून आलेल्या माझ्या भाचीला कोणी ‘मजला खाली करा’ असं ओरडून सांगितलं, तर ती आधी जिन्याने खाली पळेल. म्हणून निदान संकटात तरी ‘खाली’ हा शब्द टाळावा असं मला मनापासून वाटतं.

## ‘स्थलांतर’ म्हणजे दुसरी जागा

आता आईंना अडवणारा शब्द. स्थलांतर म्हणजे स्थल आणि अंतर. इथल्या अंतर या शब्दाचा अर्थ ‘दुसरा’. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, रूपांतर म्हणजे दुसरं रूप. नामांतर, धर्मांतर हेही तसेच. वेषांतर सोडलं तर या घराण्यातले बहुतेक शब्द मागे फिरत नाहीत. जुनं सुटलं, नवं लागलं, असाच त्यांचा सूर.

इंग्रजी शब्द मागे राहिलेल्या जागेकडे बघतो: रिकामी झाली का? आपला शब्द पुढच्या जागेकडे बघतो: दुसरीकडे कुठे? पुराच्या रात्री म्हातारं माणूस विचारतं ते तिसरंच असतं: परत कधी? त्याचं उत्तर दोन्हींत नाही.

शिवाय या एका शब्दावर आपण केवढं ओझं टाकलंय. दसरा झाला की बीडकडचे ऊसतोड कामगार कारखान्यांकडे निघतात, ते स्थलांतर. कच्छच्या रणात रोहित पक्षी येतात, तेही स्थलांतर. पोट भरायला गाव सोडून शहरात आलेलं कुटुंब, तेही स्थलांतरित. आणि पाणी चढलं म्हणून दोन दिवस शाळेच्या वर्गात झोपलेली माणसंही बातमीत ‘स्थलांतरित’च. आईंच्या आजोबांनी सातारा सोडून बडोदा संस्थानात नोकरी धरली, त्यालाही घरात ‘आपलं स्थलांतर’ म्हणतात. ते परत गेलेच नाहीत. ज्या घरात या शब्दाचा अर्थ असा मुरलाय, तिथे भोंग्यावरून ‘स्थळांतर करो’ ऐकल्यावर बाई हंडा उचलणार नाही तर काय करणार?

विस्थापन हा आणखी वेगळा मामला. सरदार सरोवरामुळे नर्मदाकाठची गावं उठली आणि त्यातली कितीतरी कुटुंबं आपल्या डभोईच्या बाजूला वसवली गेली. ते विस्थापित. त्यांना परतायला गावच उरलं नाही. दोन दिवसांसाठी हलवलेल्या माणसाला हा शब्द लावणं त्याच्यावर अन्याय, आणि खऱ्या विस्थापितावर त्याहून मोठा.

## बचाव वेगळा, हलवणं वेगळं

त्या आठवड्यातल्या बडोद्याच्या बातम्यांत दोन आकडे शेजारी शेजारी येत होते: ५ हजारांहून अधिक लोकांना सुरक्षित जागी हलवलं आणि सुमारे १२०० जणांना वाचवलं. घाईत वाचणारा दोन्हींची बेरीज करून मोकळा होतो. पण त्या दोन आकड्यांच्या मध्ये काही तासांची रेघ आहे. पाणी दाराशी येण्याआधी आपल्या पायांनी निघालेले लोक पहिल्या आकड्यात येतात. पाण्याने वेढल्यावर होडीतून, दोराने किंवा जवानांच्या खांद्यावरून निघालेले दुसऱ्यात.

इव्हॅक्युएशन म्हणजे पहिला आकडा. दुसऱ्याला मराठीत बचाव किंवा सुटका म्हणतात, आणि सुटका हा शब्द तिथे चपखल बसतो, कारण सुटका अडकलेल्याची होते. आग्र्याहून शिवाजी महाराजांची झाली ती सुटका. वेळेवर निघालेल्या माणसाची सुटका होत नसते, तशी वेळच त्याच्यावर येत नाही.

त्याच दिवसांत, २७ ते २९ ऑगस्टमध्ये, वनखात्याने बडोद्याच्या वस्त्यांतून २४ मगरी पकडल्या. बातमीत त्यालाही ‘रेस्क्यू’ म्हटलं होतं, आणि ते बरोबरच होतं, मगर वाट चुकून अडकली होती. पण पाणी तुंबलेल्या गल्लीत रात्री उतरायचं म्हणजे काय, हे त्यावरून कळावं. जो अर्धा तास आपण हंड्यापायी घालवतो, त्यात सोपं ‘हलणं’ संपतं आणि अवघड ‘बचाव’ सुरू होतो. वाचवणाऱ्याचाही जीव त्यात टांगणीला लागतो.

देशाबाहेरून लोकांना आणलं जातं तेव्हा हाच शब्द उलटा होतो. १९९० मध्ये इराकने कुवेत बळकावल्यावर सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणलं, २०२२ मध्ये युक्रेनमधून विद्यार्थ्यांना. तेही इव्हॅक्युएशनच, पण तिथे माणूस घराकडे येतो. म्हणून मराठी वर्तमानपत्रं ‘मायदेशी आणलं’ म्हणतात, आणि त्या ठिकाणी यापेक्षा चांगला शब्द मला तरी सुचत नाही.

## आपल्याकडे यासाठी शब्दच नव्हता?

होता, आणि आहे. माझ्या आईचं माहेर मालवण तालुक्यातलं, त्यामुळे लहानपणापासून मी ‘गावपळण’ हा शब्द ऐकत आले. सिंधुदुर्गात आचरा, चिंदर अशा काही गावांत दर काही वर्षांनी अख्खं गाव तीन दिवस आणि तीन रात्री शिवेबाहेर राहायला जातं. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. वेशीपलीकडे झावळ्यांच्या खोपी बांधतात, तिथेच चूल मांडतात. गावात दिवा लागत नाही. मुदत संपली की देवाचा कौल घेतात, आणि कौल मिळाला की गाव परत भरतं.

यामागच्या श्रद्धेत मी शिरत नाही. पण एक मोठी वस्ती गडबड न करता कशी रिकामी करावी, याचं यापेक्षा नेटकं उदाहरण मी पाहिलेलं नाही. कधी निघायचं ते आधीच माहीत. कुठे जायचं ते माहीत. कोणी मागे राहायचं नाही, कारण सगळेच जातात. जनावरांचं काय करायचं हा प्रश्न उरत नाही. आणि परत यायचं आहे हे जाण्याआधीच ठरलेलं. इशारा देऊनही लोक घर सोडत नाहीत, तेव्हा यातलंच काहीतरी राहिलेलं असतं: जागा सांगितलेली नसते, म्हशीची सोय नसते किंवा परतीचं कोणी बोललेलं नसतं. माझ्या आजीच्या पिढीकडे प्लेगच्या वर्षांच्याही अशाच आठवणी होत्या. उंदीर मेले की लोक घराला कुलूप घालून माळावर पालं ठोकत. तेव्हाही बोलताना म्हणत, ‘बाहेर राहायला गेलो होतो.’ ‘गेलो होतो’ म्हटलं की परत आलो हे आपसूक त्यात येतं.

## मग ‘निष्क्रमण’ का नको?

सरकारी मराठीला ‘निष्क्रमण’ जवळचा वाटतो. शब्द सुंदर आहे. सोळा संस्कारांतला निष्क्रमण म्हणजे तान्ह्या बाळाला पहिल्यांदा घराबाहेर नेऊन सूर्य दाखवणं. गौतमाने राजवाडा सोडला ते महाभिनिष्क्रमण. पण फाळणीनंतर याच धातूपासून ‘निष्क्रांत’ हा शब्द कायद्यात पक्का झाला. पाकिस्तानात गेलेल्यांनी मागे टाकलेली घरं-जमिनी म्हणजे ‘निष्क्रांत मालमत्ता’, आणि १९५० मध्ये त्यासाठी केंद्राने कायदाच केला. इंग्रजीतही तिथे ‘इव्हॅक्युई’ हाच शब्द आहे. तिकडून इकडे आलेले ते निर्वासित. आपल्या वारसिया भागात सिंधी कुटुंबं वसली ती अशीच. म्हणजे या शब्दालाही न परतण्याचा वास लागलेला आहेच, आणि भोंग्यावरून तो कोणाला कळेल हा प्रश्न वेगळाच.

बडोद्याला तर शासनाच्या शब्दांची मोठी परंपरा आहे. १९३१ साली इथे सयाजीरावांच्या राजवटीत आठ भाषांतला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ छापला गेला, कारभाराचा प्रत्येक शब्द लोकांच्या भाषेत काय होतो हे पाहण्यासाठी. ज्या शहराने शब्दांची एवढी काळजी घेतली, त्याच शहरात पुराच्या घोषणेचा शब्द मात्र कोणी तपासून पाहत नाही, याचं मला वाईट वाटतं.

## ‘शब्दाने काय होतं? पाणी यायचं ते येणारच’

हे मी बरेचदा ऐकते. पाणी येणार, वारा सुटणार, हे खरं. पण माणूस तिथे असणार की नाही, हे आधीच्या काही तासांत ठरतं. गुजरातचीच दोन वादळं घ्या. जून १९९८ मध्ये कांडल्याला वादळ धडकलं तेव्हा हजाराहून अधिक माणसं गेली. त्यात मिठागरांत राबणारे कितीतरी होते, वेळेवर हलवलंच न गेलेले. जून २०२३ मध्ये बिपरजॉय कच्छमध्ये जखौजवळ आदळलं. त्याआधीच किनाऱ्यावरच्या सुमारे एक लाख लोकांना हलवलं होतं, गरोदर बायकांना दिवस भरायच्या आधीच दवाखान्यांजवळ नेऊन ठेवलं होतं. घरं पडली, विजेचे खांब आडवे झाले, पण माणसं वाचली. मधल्या काळात वादळाचा अंदाज सुधारला, आणि निघा म्हटल्यावर लोक निघू लागले. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोठी आहे.

सामानाचंही तसंच. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर एका जपानी विमानाने धावपट्टीवर पेट घेतला. आत ३७९ जण होते, सगळेच्या सगळे बाहेर आले. वरच्या कप्प्यातल्या बॅगा आतच जळाल्या. विमान बनवणाऱ्यांना दाखवावं लागतं की निम्मे दरवाजे बंद असतानाही सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात. त्या ९० सेकंदांत बॅग मोजलेली नसते. बाळकृष्ण पदरात मावला म्हणून आला. हंडा आला नाही, आणि चार दिवसांनी गाळ काढताना तो जागच्या जागी सापडला.

## ‘घर उघडं टाकून गेलो तर मागे चोरी होईल’

ही भीती खोटी नाही. पूर ओसरताना कुलपं तुटल्याच्या तक्रारी होतात. म्हणूनच घरातली बाकीची माणसं हलतात आणि एखादा पुरुष गच्चीवर राखणीला थांबतो. मग दुसऱ्या रात्री ना पिण्याचं पाणी, ना मोबाइलला चार्जिंग, आणि त्याच्यासाठी होडी पाठवावी लागते. यावर भाषणाचा उपयोग नाही. गल्ली एकत्र निघाली आणि पहारा पोलिसांकडे किंवा उंचावरच्या शेजाऱ्यांकडे सोपवला, की भीती कमी होते. कागदपत्रं आणि दागिने पावसाळाभर एकाच पिशवीत ठेवावेत, एवढं मात्र प्रत्येकाच्या हातात आहे.

## प्रत्येक वेळी बाहेरच पडायचं?

नाही. आपल्या शहराच्या एका अंगाला कोयलीची रिफायनरी आणि नंदेसरीची रसायनांची वसाहत आहे, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं. वायूगळती झाली तर कधी कधी घरातच राहायला सांगतात: दारं-खिडक्या बंद, फटींना ओला कपडा, पंखे आणि एसी बंद. बाहेर पडायला सांगितलं तर वाऱ्याच्या दिशेने पळायचं नाही, वारा वाहतोय त्याला आडवं निघायचं. भूकंपात हादरे सुरू असताना जिन्यावर धावणं धोक्याचं. आधी मजबूत टेबलाखाली डोकं झाकायचं, हादरे थांबले की बाहेर. आगीत उलट: लगेच बाहेर, जिन्याने, लिफ्ट नाही. पुरात वरच्या मजल्यावर जाणं हेही हलणंच, फक्त उभ्या दिशेने. पण तिथे दोन-तीन दिवसांचं पाणी आणि औषधं हवीत.

म्हणून नुसतं ‘इव्हॅक्युएट करा’ म्हणून भागत नाही. ७ मे २०२५ ला देशभर युद्धाच्या तयारीची मॉक ड्रिल झाली, बडोदाही त्यात होतं. सायरन वाजला आणि आमच्या सोसायटीत निम्मे लोक बाहेर आले, निम्मे आत गेले. दोघांनाही आपणच बरोबर आहोत असं वाटत होतं.

## ‘मी नाही जात’ म्हटलं तर?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हा प्रशासनाला धोक्याच्या भागात लोकांच्या येण्याजाण्यावर बंधन घालता येतं. योग्य कारणाशिवाय आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, आणि त्यामुळे कोणाचा जीव गेला तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत. प्रत्यक्षात म्हाताऱ्या माणसाला पोलीस खेचून नेत नाहीत, हात जोडून समजावतात. आणि समजावताना परत शब्दावरच येतं.

## आम्ही आता काय लिहितो

बडोदेकर पावसाळ्यात दोन आकड्यांवर डोळा ठेवून असतात: आजवा सरोवराची पातळी आणि काळा घोडा पुलाखालच्या विश्वामित्रीची पातळी, दोन्ही फुटांत. गेल्या पावसाळ्याआधी मी सोसायटीसाठी मराठी निरोप लिहून ठेवला. पहिला मसुदा असा होता: ‘तळमजल्यावरच्या सर्वांनी संध्याकाळी ६ च्या आत समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जावे. औषधे, चष्मा, कागदांची पिशवी आणि पिण्याचे पाणी घ्यावे. पाणी उतरले की सकाळी परत येऊ.’

आईंना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा लावला, कागद हातात घेतला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “ही ओळ आधी घाल. आणि खाली ‘देव बरोबर घेतले तरी चालतील’ असं लिही, म्हणजे बायका लवकर निघतील.”

दोन्ही बदल केले. कागद लिफ्टशेजारी लावलाय.